रद्दी जपणारा छापखानेवाला

अमेरिकेत दीड-दोनशे वर्षांपूर्वीचे कागद वाचायला अभ्यासकांना पैसे देतात. महिना-दोन महिने, कधी वर्षभर. राहण्याचा खर्च द्यायचा आणि माणसाला जुन्या फायलींसमोर बसवायचं. याला फेलोशिप म्हणतात. "एवढं काय असतं त्या रद्दीत?" असं आपल्याकडे कुणीही विचारेल. त्याचं उत्तर एका छापखानेवाल्याच्या गोष्टीत आहे.

आयझाया थॉमस सहाव्या वर्षी बॉस्टनच्या छापखान्यात उमेदवारीला लागला. शाळा नावालाच. खिळे जुळवताजुळवताच शिकला. १७७० साली त्याने 'मॅसॅच्युसेट्स स्पाय' हे पत्र काढलं आणि इंग्रज सरकारवर तुटून पडला. एप्रिल १७७५ मध्ये धोका ओळखून त्याने रातोरात छपाईचं यंत्र नदीपार करून वूस्टर गावी नेलं. लगेच लेक्सिंग्टनला गोळी चालली. ३ मेच्या अंकात त्याने ती बातमी छापली.

१८१२ साली याच माणसाने वूस्टरला 'अमेरिकन अँटिक्वेरियन सोसायटी' काढली. तेव्हा इंग्रजांशी पुन्हा युद्ध जुंपलं होतं. समुद्रकाठचं बॉस्टन तोफांच्या टप्प्यात येईल, आतलं गाव बरं, हा हिशोब. हजारो पुस्तकं स्वतःची दिली. पण मला भावतं ते वेगळंच. बॉस्टनच्या रस्त्यावर विकली जाणारी स्वस्त गाण्यांची चोपडी पानं त्याने तीनशेच्या वर विकत घेऊन बांधून ठेवली. का? तर सामान्य माणूस काय गातो, हे पुढच्यांना कळावं म्हणून!

आज त्याच पानांवर अभ्यास होतो. १९७० च्या दशकापासून ही संस्था फेलोशिप देते. प्राध्यापकांनाच नाही, कवी, नाटककार, पत्रकारांनाही.

आपला काय संबंध? आहे ना. १८१३ साली अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले, १८१७ पासून त्यांच्या छापखान्यात मराठी छपाई सुरू झाली. १८४२ साली अहमदनगरहून 'ज्ञानोदय' निघालं. त्या मिशनची कागदपत्रं हार्वर्डच्या हॉटन ग्रंथालयात आहेत. म्हणजे मराठी छपाईच्या इतिहासाचा एक तुकडा वाचायचा तर आपल्या पोराला तिकडे जावं लागणार, आणि फेलोशिपशिवाय ते कुणाला परवडतं?

आता ती वाटही अरुंद होतेय. तिथे मोठ्या फेलोशिपना सरकारी 'नॅशनल एन्डोमेंट फॉर द ह्युमॅनिटीज'चा आधार असतो. एप्रिल २०२५ मध्ये या संस्थेची हजारांहून अधिक अनुदानं एका झटक्यात रद्द झाली. अभ्यासकांच्या संघटना कोर्टात गेल्या.

तिकडे निदान भांडायला फायली तरी आहेत. आपल्या तालुक्याच्या साप्ताहिकांचे जुने अंक किलोने गेले. दुष्काळ, मोर्चे, निवडणुका, गावच्या जत्रा, सगळं त्यांत होतं. उद्या कुणी लाखाची फेलोशिप दिली, तरी अभ्यासकाला बसवायचं कशासमोर?

तुमच्या माळ्यावर जुने अंक असतील तर रद्दीवाल्याआधी गावच्या वाचनालयाला विचारा. एवढं तरी करूया.