झांशीचा सुभेदार आणि भाषा शिकण्याच्या वाटा

इ. स. १७९२ च्या आरंभी मेजर पामर हा इंग्रज वकील आग्र्याहून उज्जनीकडे निघाला. त्याच्या तांड्याबरोबर विल्यम हंटर नावाचा एक शल्यवैद्य होता. वाटेत लागलेली गावे, डोंगर, वनस्पती आणि माणसे यांची टिपणे ठेवण्याचा त्याला नाद होता. पुढे १७९९ साली कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथमालेच्या सहाव्या खंडात त्याचे हे प्रवासवर्णन छापून निघाले. त्यात झांशीचा मजकूर येतो आणि झांशीच्या एका मराठी सुभेदाराचे मोठे विलक्षण चित्र उभे राहते.

हा सुभेदार म्हणजे रघुनाथ हरी नेवाळकर. रत्नागिरीकडून खानदेशमार्गे उत्तरेत गेलेल्या घराण्यातला हा कर्ता पुरुष. राणी लक्ष्मीबाईंचे पती गंगाधरराव हे याच घराण्यातले. हंटरने पाहिले तेव्हा रघुनाथरावांचे वय साठीच्या आसपास होते. त्यांनी पाहुण्यांना किल्ल्यातील वरच्या दालनात नेले. तेथे गादी-तक्क्याऐवजी मेज आणि खुर्च्या मांडल्या होत्या. सुभेदारांनी आपल्याजवळची इंग्रजी पुस्तके दाखविली. त्यांत ‘एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका’ या ज्ञानकोशाची दुसरी आवृत्ती होती. १७७७ ते १७८४ या काळात प्रसिद्ध झालेले ते दहा खंड झांशीच्या किल्ल्यात येऊन पोहोचले होते. एवढेच नव्हे, तर त्यांतील सर्व चित्रपट रघुनाथरावांनी आपल्या चित्रकारांकडून हुबेहूब उतरवून घेतले होते. मेजावरच्या दिव्याची काचेची हंडी वापरून त्यांच्या पदरच्या एका कारागिराने विद्युत्-यंत्र तयार केले होते. त्या यंत्राने कुपी भारून सुभेदार पाहुण्यांना झटके देत होते आणि ही शक्ती काचेत साठते की काचेवरच्या लेपात, असा नेमका प्रश्नही विचारत होते.

परंतु त्या ग्रंथातील चित्रे बोलत होती, अक्षरे मात्र मुकी होती. ती बोलती करण्यासाठी या वयात इंग्रजी शिकण्याचा निश्चय रघुनाथरावांनी केला होता. आपल्याला कोणी शिक्षक मिळेल का, निदान उपयोगी पडेल असे एखादे पुस्तक तरी मिळेल का, ही त्यांची पाहुण्यांजवळ कळकळीची पृच्छा होती. तांड्यातील लेफ्टनंट मॅक्फर्सनने त्यांना गिलख्रिस्टचा इंग्रजी-हिंदुस्थानी कोश भेट दिला, तेव्हा त्यांना अतिशय आनंद झाला.

आपल्या इतिहासात लढाया आणि तहनामे यांची नोंद विपुल आहे. एखादा प्रौढ माणूस परभाषा शिकू पाहतो आणि कोठे अडतो, याची नोंद विरळा. म्हणून ही भेट महत्त्वाची. भाषा डोळ्यांनी शिकावी, कानांनी शिकावी, हातांनी शिकावी की माणसांच्या सहवासात शिकावी, हा प्रश्न आज शिक्षणशास्त्राचा मानला जातो. अठराव्या शतकातील मराठी समाजाने त्याची उत्तरे शास्त्र म्हणून मांडली नाहीत. परंतु व्यवहारात ती दिली होती.

पहिली वाट कानाची. वेदपाठशाळेत गुरू संथा देई आणि शिष्य ती म्हणत. पद, क्रम, जटा, घन अशा पाठांतून तीच अक्षरे उलटसुलट घोळवली जात, त्यामुळे स्वराची एक मात्राही ढळत नसे. संस्कृत भाषेचा अभ्यासही याच रीतीने चाले. रूपावली, समासचक्र, अमरकोश ही सारी आधी मुखोद्गत व्हायची आणि अर्थ मागाहून यायचा. या वाटेचे बळ मोठे होते. पुस्तक जळाले तरी विद्या उरत असे. तिची उणीवही उघड होती. अमरकोशाचे पाठ घडाघडा म्हणणाऱ्याला साधे संभाषण संस्कृतात करता येईलच, असा भरवसा नसे.

दुसरी वाट हाताची. पंतोजींच्या शाळेत मूल ओनामा शिके ते धुळपाटीवर. फळीवर धूळ पसरायची, तीत टोकदार काडीने काढून दिलेले अक्षर गिरवायचे, पुसायचे आणि पुन्हा गिरवायचे. तोंडाने त्याच अक्षराचा उच्चार चालू असे. पुढे कागद आणि बोरू हाती येत आणि मोडीचा कित्ता सुरू होई. मोडी ही वेगाने लिहिण्याची लिपी. तिचे वळण बोटांतच बसावे लागते. ते बसले की उमेदवार एखाद्या फडावर जाई. कोणाला कोणता मायना लिहावा, हे तो जुनी पत्रे उतरवता उतरवता शिके. नियम कोणी सांगत नसे. शंभर पत्रे नकलली की नियम आपोआप हातात उतरत.

तिसरी वाट सहवासाची. उत्तरेत गेलेल्या मराठी माणसाच्या घरात मराठी, बाजारात बुंदेली, दिल्ली-लखनौशी व्यवहार करताना फारसी आणि फौजेत हिंदुस्थानी असा रोजचा क्रम होता. यांपैकी फारसीसाठी मुनशी ठेवला जाई. बाकीच्या भाषा कोणी मुद्दाम शिकवत नसे. स्त्रियांच्या वाट्याला शाळा सहसा येत नव्हती. तरी कीर्तन, पुराण, ओव्या आणि व्रतांच्या कहाण्या यांतून त्यांच्या कानांवर समृद्ध भाषा पडत होती. माहेर-सासरची भाषा दूर देशी टिकली, ती पुष्कळ अंशी त्यांच्यामुळे.

आता रघुनाथरावांच्या अडचणीकडे पुन्हा पाहावे. डोळ्यांची वाट त्यांना पूर्ण मोकळी होती. चित्रपट समोर होते. सतराव्या शतकात कोमेनियस या मोराव्हियातील शिक्षणतज्ज्ञाने १६५८ साली सचित्र पाठ्यपुस्तक काढून, चित्र आणि शब्द शेजारी ठेवले म्हणजे भाषा सुलभ होते, हे युरोपला दाखवून दिले होते. झांशीत तसेच साधन आपोआप जुळून आले होते. हाताची वाटही मोकळी होती. यंत्र बनवून, फिरवून, त्याचा झटका घेऊन त्यांनी विषय आत्मसात केला होता. कोश मिळाल्याने शब्दार्थाची सोय झाली. उणीव राहिली ती कानाची. इंग्रजी अक्षरांचा उच्चार त्यांच्या लिखाणावरून ठरत नाही. तो माणसाच्या मुखातून ऐकावा लागतो आणि चुकलेला उच्चार दुरुस्त करायलाही माणूसच लागतो. संथेच्या परंपरेत वाढलेल्या या गृहस्थांनी ते अचूक ओळखले. पुस्तकाची विचारणा त्यांनी केली, परंतु त्याआधी शिक्षक मागितला.

याच सुमारास, झांशीपासून शेकडो कोस दूर, मद्रासेत एक उलटा प्रवास घडत होता. १७८९ मध्ये अँड्र्यू बेल हा स्कॉटिश पाद्री तेथील लष्करी अनाथ मुलांच्या आश्रमाचा प्रमुख झाला. एकदा त्याने मलबारी मुलांची शाळा पाहिली. मुले वाळूत बोटाने अक्षरे काढीत होती. ती युक्ती त्याने आपल्या आश्रमात आणली. शिक्षकांनी कुरकुर केली, तेव्हा थोडी पुढे गेलेली मुले मागच्या मुलांना शिकवतील अशी व्यवस्था त्याने केली. १७९७ साली त्याने लंडनमध्ये या प्रयोगाचा वृत्तान्त छापला आणि पाहता पाहता इंग्लंडमधील गरिबांच्या शाळांत ही पद्धत पसरली. झांशीचा मराठी सरदार युरोपचे पुस्तक उघडू पाहत होता आणि युरोपचा पाद्री भारतीय धुळपाटी उचलून नेत होता. विद्येच्या व्यवहारात कोणी केवळ देणारा वा केवळ घेणारा नसतो.

रघुनाथरावांचा शेवट करुण झाला. असाध्य वाटणाऱ्या दुखण्याने गांजून त्यांनी काशीस जाऊन गंगेत देह ठेवला, असे हंटरनेच नमूद केले आहे. पुढे गंगाधररावांच्या काळी झांशीच्या राजवाड्यातील ग्रंथसंग्रह नावाजला गेला. एप्रिल १८५८ मध्ये सर ह्यू रोझच्या फौजेने शहर घेतले, तेव्हा त्या संग्रहाचीही धूळधाण झाली. ती हकीकत आज आपल्याला ज्यांच्यामुळे कळते ते विष्णुभट गोडसे हे कुलाबा जिल्ह्यातील वरसईचे भिक्षुक. यज्ञाच्या दक्षिणेच्या आशेने ते १८५७ साली उत्तरेकडे निघाले आणि वेढ्याच्या दिवसांत झांशीत अडकले. सुमारे पाव शतकानंतर, चिंतामणराव वैद्यांच्या सांगण्यावरून, त्यांनी ‘माझा प्रवास’ मोडीत लिहून काढला. १९०७ मध्ये तो प्रथम प्रसिद्ध झाला आणि मूळ हस्तलिखितावरून सिद्ध केलेली त्याची आवृत्ती १९६६ साली दत्तो वामन पोतदारांनी आणली. तिथीवारांच्या चुका त्यात आहेत. परंतु माणसे, प्रसंग आणि बोलणी यांचा तपशील विस्मयकारक आहे. कानाने शिकलेल्या माणसाची ती स्मृती आहे आणि हाताने शिकलेल्या लिपीत ती उतरली आहे. पोथ्या नष्ट झाल्या, त्यांची कथा मात्र राहिली.

सहवासाच्या वाटेचा दाखला खुद्द राणी लक्ष्मीबाईंच्या चरित्रात आहे. काशीत जन्मलेल्या, बिठूरला पेशव्यांच्या मराठी परिवारात वाढलेल्या या स्त्रीने १८५४ मध्ये जॉन लँग या वकिलाशी पडद्याआडून बोलणे केले. झांशी न देण्याविषयीचे जे वाक्य आज प्रत्येक शाळकरी मुलाला ठाऊक आहे, ते लँगने आपल्या पुस्तकात हिंदुस्थानी भाषेतच नोंदविले आहे. प्राणापलीकडची गोष्ट सांगताना शिकलेली भाषा जेव्हा अशी सहज ओठांवर येते, तेव्हा ती परकी उरत नाही.

त्यानंतर अर्धशतक लोटण्यापूर्वी याच झांशीत रेल्वेच्या कचेरीत एक कर्मचारी काम करीत होते. त्यांचे नाव महावीरप्रसाद द्विवेदी. रायबरेलीकडील दौलतपूर या खेड्यात १८६४ मध्ये त्यांचा जन्म झाला. शालेय शिक्षण बेताचेच. परंतु रेल्वेच्या नोकरीच्या निमित्ताने निरनिराळ्या प्रांतांतील लोकांत राहून आणि स्वतः वाचन करून त्यांनी मराठी, गुजराती आणि बंगाली या भाषा आत्मसात केल्या. १९०३ मध्ये ते ‘सरस्वती’ मासिकाचे संपादक झाले आणि पुढे नोकरी सोडून त्यांनी आधुनिक हिंदी गद्याला वळण लावले. हिंदीत संस्कृत अक्षरगणवृत्ते रूढ करण्याच्या त्यांच्या आग्रहामागे मराठी काव्याचा परिचय होता, असे हिंदी साहित्याचे इतिहासकार मानतात. रघुनाथरावांपाशी पुस्तक होते, माणूस नव्हता. द्विवेदींपाशी दोन्ही आले.

१९९२ साली, म्हणजे हंटरच्या झांशीभेटीनंतर बरोबर दोनशे वर्षांनी, न्यूझीलंडमधील नील फ्लेमिंग यांनी एका सहकाऱ्यासह विद्यार्थ्यांचे चार प्रकार सुचविले : पाहून शिकणारे, ऐकून शिकणारे, वाचून-लिहून शिकणारे आणि कृतीतून शिकणारे. प्रत्येकाला त्याच्या प्रकृतीप्रमाणे शिकवावे, ही कल्पना जगभरच्या शिक्षकांना मोहक वाटली. परंतु २००८ साली हॅरॉल्ड पॅश्लर आणि त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी उपलब्ध संशोधन तपासले. विद्यार्थ्याच्या प्रकाराप्रमाणे शिकविल्याने तो अधिक शिकतो, याला पुरेसा आधार नाही, असा निष्कर्ष त्यांनी काढला. माणसांच्या आवडी निराळ्या असतात हे खरे. परंतु आवड म्हणजे कुवत नव्हे. वाट ठरते ती पुष्कळदा शिकणाऱ्याच्या प्रकृतीवरून नव्हे, तर शिकायच्या वस्तूवरून. उच्चार कानानेच येतो, लिपी हातानेच बसते आणि शब्दाचा रोख सहवासानेच कळतो.

झांशीत मराठी कुटुंबांची वस्ती आजही आहे. ज्या गणेशमंदिरात लक्ष्मीबाईंचा विवाह झाला, तेथे गणेशोत्सवही होतो. अशा घरातील मूल शाळेत हिंदी शिकते. देवनागरी त्याला येते, त्यामुळे मराठी वाचणे त्याला सोपे वाटते. परंतु ‘चार’ आणि ‘चाक’ यांतील च एकाच अक्षराने लिहिला तरी निराळा उच्चारायचा, हे त्याला डोळा सांगणार नाही. ‘बाळ’ या शब्दातला ळ प्रमाण हिंदीत त्याला भेटत नाही. तो आजीच्या हाकेतूनच कानी पडतो. हिंदीत ‘शिक्षा’ म्हणजे विद्या, मराठीत शिक्षा म्हणजे दंड. हिंदीत ‘संसार’ म्हणजे जग, मराठीत संसार म्हणजे घरप्रपंच. हे भेद कोशात आहेत, परंतु वागण्या-बोलण्यात भेटल्याखेरीज ते मनात ठरत नाहीत.

म्हणून दूरच्या मुलखात मराठी टिकवायची असेल, तर केवळ पुस्तके पाठवून भागणार नाही आणि केवळ घरी मराठी बोलूनही भागणार नाही. मुलाला गोष्ट ऐकवावी, ती त्याच्याकडून म्हणवून घ्यावी, त्याच्या हाताने लिहवावी आणि मग आपल्या माणसांत ती सांगण्याची त्याला संधी द्यावी. साठीला टेकलेल्या रघुनाथरावांनी आपल्या मेजावर इंग्रजीसाठी निम्मी तयारी स्वतः केली होती. उरलेल्या निम्म्यासाठी ते दारी आलेल्या पाहुण्याकडे माणूस मागत होते. झांशीच्या मराठी मुलांसाठी असा माणूस घरातच आहे. त्याने रोज थोडा वेळ काढावा, इतकेच उरते.