कॉक्लिया-रोपण : शस्त्रक्रियापूर्व प्रतिमाचित्रण

अतितीव्र बहिरेपणात अंतर्कर्णातील कॉक्लिया या शंखाकृती नलिकेत विद्युत् अग्रांची लवचिक तार बसवून श्रवण तंत्रिका (मज्जातंतू) थेट उद्दीपित करतात. त्यापूर्वी शंखास्थीच्या (कानालगतच्या कवटीच्या हाडाच्या) अंतर्रचनेची चित्रे घेऊन शस्त्रक्रियेची आखणी केली जाते. कॉक्लियाचे सु. अडीच वेढे असून तिची लांबी सु. ३५ मिमी. भरते. चेहऱ्याचे स्नायू हलविणारी आनन तंत्रिका शस्त्रवैद्याच्या वाटेला अगदी लागून असते. तिला इजा झाल्यास चेहरा लुळा पडतो.

जिवंत माणसाचा अंतर्कर्ण पाहण्याची सोय दीर्घकाळ नव्हती. बोलोन्याचे कार्लो मोंदीनी यांनी १७९१ मध्ये जन्मतः बहिऱ्या अशा एका मुलाच्या कॉक्लियाला दीडच वेढा असल्याचे वर्णन केले, ते मृत्यूनंतरच्या विच्छेदनावरून. राँटगेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लावल्यावरही हा अडसर लगेच दूर झाला नाही. शंखास्थीचे हाड अतिशय घट्ट असल्याने साध्या चित्रात एका रचनेची छाया दुसरीवर पडे.

आंद्रे झुर्नो व शार्ल एरिएस यांनी १९५७ साली पॅरिसमध्ये विद्युत् अग्र बसविले, ते कॉक्लियात नव्हे, तर उघड्या पडलेल्या तंत्रिकेवर. विल्यम हाउस यांनी १९६१ पासून लॉस अँजेल्स येथे वापरलेली एकमार्गी तार आखूड होती. ग्रेम क्लार्क यांनी १९७८ मध्ये मेलबर्न येथे बहुमार्गी रोपण केले. तेव्हापासून तार वेढ्यांत बरीच आत सरकविणे अगत्याचे झाले व नलिका मोकळी आहे काय, हा प्रश्न निर्णायक ठरला. त्या काळी छेदवार क्ष-किरण चित्रे उपलब्ध होती. पण ती पुसट येत व डोळ्यांना प्रारणाची मात्राही बरीच मिळे. गॉडफ्री हौन्सफील्ड यांच्या संगणकीय छेदचित्रणाचा १९७१ मध्ये लंडन येथे रुग्णावर प्रथम उपयोग झाला. पुढील दशकात त्याचे छेद पातळ होत गेले आणि आनन तंत्रिकेचा मार्ग, वर आलेला नीलाकंद व मध्यकर्णातील हाडे स्पष्ट दिसू लागली. जॅकलर, लक्सफर्ड व हाउस यांनी १९८७ मध्ये अंतर्कर्णाच्या जन्मजात विकृतींचे भ्रूणविकासानुसार वर्गीकरण केले. रचनाविकृती दिसली की रोपण नाकारावयाचे, ही आधीची प्रवृत्ती त्यानंतर हळूहळू मागे पडली. काही विकृतींत मात्र कॉक्लिया उघडताच मस्तिष्क-मेरुद्रव उसळून बाहेर येतो. हे आधी कळलेले बरे.

छेदचित्रणाची एक मर्यादा फार महाग पडणारी होती. मस्तिष्कावरणशोथानंतर (मेंदूवरील आवरणांच्या दाहानंतर) कॉक्लियात प्रथम तंतुमय ऊतक (समान रचना व कार्य असणाऱ्या कोशिकांचा समूह) भरते आणि नंतर त्याचे हाड बनते. तंतुमय अवस्था क्ष-किरणांना दिसत नाही. चित्र निर्दोष म्हणून कान उघडावा, तर नलिका बुजलेली आढळे. हा बदल काही आठवड्यांतही सुरू होऊ शकतो, म्हणून अशा बालकाच्या बाबतीत थांबणे हेच नुकसानकारक असते. चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमाचित्रणात द्रव उजळ दिसतो व जेथे तो नाही तेथे काळा खंड पडतो. त्यामुळे अडथळा हाडात रूपांतरित होण्यापूर्वीच ओळखता येतो.

या पद्धतीने तंत्रिकाही पाहता येते. अंतर्कर्ण-मार्गाच्या आडव्या छेदात चार तंत्रिका चार ठिपक्यांप्रमाणे दिसतात. पुढील खालचा ठिपका श्रवणाचा. बेल्जियममधील कॅसेलमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये तो नसलेले रुग्ण वर्णिले. हाडाचा मार्ग रुंदीने प्राकृत असूनही तंत्रिका नसू शकते, म्हणून केवळ छेदचित्रावर विसंबून केलेले रोपण व्यर्थ जाण्याचा धोका राहतो. अशा वेळी मस्तिष्कस्तंभावर विद्युत् अग्रे बसविण्याचा पर्याय विचारात घेतात. तो हाउस व हिट्सेलबर्गर यांनी १९७९ मध्ये प्रथम योजिला. रोपणातील चुंबकामुळे नंतर त्या बाजूची प्रतिमा बिघडते, हेही चित्रे आधी घेण्यामागील एक कारण होय.

एस्कुडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये तळवेढ्याचा व्यास मोजून तार किती आत जाईल याचा अंदाज बांधण्याची रीत सुचविली. बर्न येथे २०१६ मध्ये चित्रांवरून आखलेल्या मार्गाने यंत्रमानवाने हाडात भोक पाडले. तार मात्र शस्त्रवैद्याने हातानेच आत घातली.