चाळीस इंचांत माणूस

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

माझ्या बहिणीचा मुलगा इंग्लंडात कॉव्हेन्ट्रीला असतो. एका रविवारी त्याचा फोन आला. आवाज पडलेला. मला वाटलं, घरात कुणाचं काही बरंवाईट झालं. तर म्हणाला, "मामू, गाडी झाली. पण मी तिच्यात मावत नाही."

चार वर्षं हा मुलगा घरामागच्या गॅरेजमध्ये एक मोटार जोडत होता. सांगाडा एकीकडून आणला, फायबरची बॉडी दुसरीकडून, इंजिन तिसरीकडून. शनिवार-रविवार तो त्या गॅरेजमध्येच असायचा. सगळं जमलं आणि शेवटी दोन रेसिंग सीट आणून आत ठेवल्या. बसला, दार ओढलं, तर डोकं छताला टेकलं. हेल्मेट तर अजून घातलंच नव्हतं.

मी कविता करणारा माणूस, शिक्षण बी.ए. स्कूटरचा प्लग साफ करण्यापलीकडे माझी यंत्रविद्या गेलेली नाही. पण फोन ठेवल्यावर चैन पडेना. चार वर्षं गाडी बांधणाऱ्या माणसाला स्वतःची उंची कशी आठवली नाही? शोधत गेलो तेव्हा कळलं, ही चूक एकट्या आमच्या भाच्याची नाही. तिला साठ वर्षांचा इतिहास आहे आणि त्यात मोठी मोठी नावं आहेत.

अशा घरी जोडायच्या गाडीला 'किट कार' म्हणतात. ब्रिटनमध्ये तिचं पीक आलं ते बऱ्याच अंशी करामुळे. १९४० साली तिथे 'परचेस टॅक्स' लागू झाला. पूर्ण तयार मोटार घेतली की तो भरावा लागे. सुटे भाग घेऊन घरी जोडली तर सुटका. १९५७ साली कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने 'लोटस सेव्हन' ही गाडी आणली आणि ती अशी सुट्या भागांत मिळू लागली. त्या काळची एक गोष्ट अजून रंगवून सांगतात. करसवलत हवी तर सोबत जोडणीची माहिती द्यायची नाही, असा नियम होता म्हणे. मग कंपनीने गाडी 'खोलायची' कशी याची माहिती दिली; गिऱ्हाइकाने ती उलटीकडून वाचायची! खरं-खोटं चॅपमन जाणोत, पण गोष्ट त्यांना शोभते खरी.

सेव्हनला छप्परच नव्हतं. बसायला साध्या गाद्या, पाठीला एक सपाट उशी. उंच माणूस बसला तर त्याचं डोकं वाऱ्यात, एवढंच. अडचण सुरू झाली ती डोक्यावर छप्पर आलं तेव्हा. आणि ते छप्पर दर वर्षाला खाली खाली येऊ लागलं तेव्हा.

छप्पर खाली का आणायचं? गाडीला पुढून हवा अडवते. जितकं अंग हवेसमोर उभं, तितकी अडवणूक जास्त. गाडी बुटकी केली की तेवढ्याच इंजिनात वेग वाढतो. पन्नासच्या दशकात शर्यतीतला चालक ताठ पाठीने, भल्यामोठ्या स्टिअरिंगमागे बसलेला दिसतो. १९६२ साली चॅपमन यांनी 'लोटस २५' आणली आणि जिम क्लार्क या चालकाला तिच्यात जवळजवळ आडवं केलं. आरामखुर्चीत पहुडावं तसा तो पाठीवर रेललेला, पाय पुढे लांब, डोकं तेवढं वर. पुढच्या वर्षी क्लार्क दहापैकी सात शर्यती जिंकून जगज्जेता झाला. त्यानंतर शर्यतीच्या गाडीत ताठ बसणं मागे पडलं ते पडलंच.

आता आमच्या भाच्याच्या गाडीकडे येतो. ती 'फोर्ड जीटी ४०'ची प्रतिकृती आहे. मूळ गाडी १९६४ सालची. फेरारी कंपनी विकत घ्यायचा फोर्डचा बेत १९६३ साली फिसकटला, तेव्हा फोर्डने इरेला पडून ही गाडी बांधायला घेतली. ती घडली इंग्लंडात, स्लाऊ या गावी, आणि तिचं मूळ होतं एरिक ब्रॉडली यांच्या लोला गाडीत. नावातला 'चाळीस' म्हणजे तिची उंची, चाळीस इंच. आपल्या घरातलं जेवणाचं टेबल तीस इंचांचं असतं. त्याच्यावर दहा इंच मिळवा. एवढ्या उंचीत जमिनीपासूनचं अंतर, गाडीचा तळ, सीट, माणूस, त्याचं हेल्मेट आणि वरचं छप्पर, सगळं आलं. आत शिरता यावं म्हणून दाराचा वरचा भाग छतात कापून काढलेला. दार उघडलं की अर्धं छप्पर त्याच्यासोबत उघडतं.

या गाडीत सीट जागेवर पक्की होती आणि पेडल पुढेमागे करायची सोय होती. आपल्या नेहमीच्या मोटारीत याच्या उलट असतं. सीट सरकते ती रुळांवर, आणि ते रूळ इंचभर उंची खातात. चाळीस इंचांत इंचभर म्हणजे फार झालं.

१९६६ साली ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत फोर्डने पहिले तिन्ही क्रमांक घेतले. २०१९ साली आलेला 'फोर्ड व्ही फेरारी' हा सिनेमा ज्यांनी पाहिला त्यांना तो प्रसंग आठवेल, आणि केन माइल्स हा चालकही. शर्यतीनंतर दोनच महिन्यांनी, ऑगस्ट १९६६मध्ये, कॅलिफोर्नियात रिव्हरसाइडच्या ट्रॅकवर नव्या गाडीची चाचणी घेताना माइल्स गेला. त्या गाडीचा सांगाडा मधमाशांच्या पोळ्यासारख्या जाळीच्या ॲल्युमिनियमचा होता. वजनाला हलका, पण अपघातात तो टिकला नाही. त्यानंतर तिच्यात पोलादी नळ्यांचा पिंजरा बसवला गेला. वजन वाढलं आणि आतली जागाही आटली. पण पुढच्याच वर्षी ल मान्सला मारियो आन्द्रेत्तीची गाडी आपटली आणि तो काही बरगड्यांवर निभावला, ते या पिंजऱ्यामुळे असं मानतात. डोक्यावरची दोन इंचं त्या नळ्यांना द्यायची की डोक्याला, हा प्रश्न तेव्हापासून अशी गाडी बांधणाऱ्या प्रत्येकासमोर आहे.

त्याच १९६७च्या शर्यतीत डॅन गर्नी होता. अमेरिकन, सहा फुटांच्या वर चार-एक इंच उंच. हेल्मेट घालून बसला की डोकं छताला लागे. चोवीस तासांच्या शर्यतीत मान वाकडी करून ताशी तीनशे किलोमीटरच्या वर जायचं कसं? सीट आणखी खाली जाईना. मग गाडी बांधणाऱ्यांनी जे केलं ते मला फार आवडलं. त्यांनी छताला, बरोबर गर्नीच्या डोक्याच्या जागी, एक फुगवटा काढला. सुंदर, सपाट, वाऱ्याच्या बोगद्यात घासून-पुसून सिद्ध केलेल्या त्या अंगावर एक टेंगूळ! गर्नी आणि ए. जे. फॉइट ही जोडी त्या लाल गाडीतून ३८८ फेऱ्या, म्हणजे पाच हजार दोनशे किलोमीटरहून जास्त अंतर कापून पहिली आली. सरासरी वेग ताशी २१८ किलोमीटर. ती गाडी अमेरिकेत डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयात आहे, टेंगळासकट. त्या टेंगळाला आज जगभर 'गर्नी बबल' म्हणतात.

इकडे ब्रिटनमध्ये घरगुती गाड्यांची वेगळीच चढाओढ चालली होती. ॲडम्स बंधूंची 'प्रोब १६' चौतीस इंच उंच होती. स्टॅन्ली कुब्रिक यांच्या 'अ क्लॉकवर्क ऑरेंज'मध्ये (१९७१) टारगट पोरं रात्री भरधाव नेतात ती हीच. तिला दारं नव्हती, काचेचं छप्पर सरकवून वरून आत उतरायचं. त्याच वर्षीची 'नोव्हा' ही किट कार फोक्सवॅगन बीटलच्या सांगाड्यावर बसे. तिचं अख्खं छप्पर झाकणासारखं पुढे उचललं जाई. फोटोत या गाड्या पाहत राहावं अशा. पण आत बसलेल्या माणसाचा फोटो फारसा दिसत नाही. माझा असा ग्रह झाला आहे की या गाड्या चितारणाऱ्यांच्या मनात आधी रेषा आली आणि माणूस मागाहून. एप्रिल १९७३मध्ये परचेस टॅक्स जाऊन 'व्हॅट' आला, करसवलत संपली, आणि बरेच किटवाले बसले. जे टिकले ते हौशी लोकांच्या जोरावर. ऐंशीच्या दशकात जीटी ४०च्या प्रतिकृती निघू लागल्या, त्या आजही निघतात. भाच्याची गाडी त्याच कुळातली.

आता सीटचं. भाच्याने पहिल्या दोन सीट घेतल्या होत्या त्या दिसायला झोकदार म्हणून; आणि जुन्या बाजारातून, स्वस्त. ज्याने विकल्या त्याने "थोड्याच वापरल्यात" असं सांगितलं होतं. मोटार-शर्यतींची जागतिक संस्था आहे, एफआयए. तिचं रेसिंग सीटसाठी '८८५५-१९९९' हे प्रमाणपत्र असतं. त्या सीटवर तयार झाल्याची तारीख छापलेली असते आणि तिथून साधारणपणे पाच वर्षं ती सीट शर्यतीला चालते. भाच्याच्या सीटवरची तारीख केव्हाच उलटून गेलेली. मी म्हटलं, तुला कुठे शर्यत खेळायची आहे? तो म्हणाला, "मामू, ट्रॅकवर तर नेणार." मग एका संध्याकाळी त्याने चालकाच्या सीटचं कापड सोडवलं. खाली फायबरच्या कवचाला, पट्टा जिथून आत येतो त्या भोकापासून, केसाएवढी चीर गेलेली होती. वीतभर लांब. त्याने मला तिचा फोटो पाठवला. खाली काही लिहिलं नव्हतं.

त्यानंतर त्याने काम उलट्या टोकाने सुरू केलं. सीट बाजूला ठेवून आधी माणूस मोजला. भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसायचं आणि बुडापासून टाळूपर्यंतची उंची घ्यायची. सहा फुटांची दोन माणसं असतील तर एकाची उंची पायांत असते, एकाची पाठीत. गाडीच्या छताला फक्त पाठीशी देणंघेणं. आमच्या घराण्यात पाय आखूड आणि पाठ लांब. मग हेल्मेट घालून पुन्हा माप. मग गाडीत पुठ्ठे आणि लाकडाचे ठोकळे मांडून खोटी सीट केली आणि तीत अर्धा तास बसून राहिला. हेल्मेट आणि डोक्यावरची नळी यांत निदान पाच सेंटिमीटर जागा हवी, कारण धडकेत पट्टे ताणतात आणि माणूस वर उचलला जातो.

रूळ काढले, सीट थेट सांगाड्याला. तरी दोन इंच कमी. पाठ आणखी मागे रेलवली तर डोकं झपाट्याने खाली येतं. पंधरा अंशांची पाठ पस्तीस अंशांवर नेली तर नव्वद सेंटिमीटरच्या धडाला हिशेबाने बारा-तेरा सेंटिमीटर मिळतात. पण इथे एक धोका आहे. फार आडव्या बसलेल्या माणसाचा कमरेचा पट्टा धडकेत हाडावरून निसटून पोटावर चढतो आणि माणूस पट्ट्याखालून पुढे घसरतो. पट्टा कमरेच्या हाडालाच धरून राहायला हवा. म्हणून मांड्यांमधून जाणारे आणखी पट्टे लागतात. खांद्याचे पट्टे सीटच्या पाठीवरून मागे उतरतात तेही पंचेचाळीस अंशांहून जास्त उतरते नकोत, नाही तर ते कण्यालाच खाली दाबतात. बुडाखाली जाड फोम घालावा तर मऊ वाटतो, पण धडकेत तो दबतो आणि घट्ट आवळलेले पट्टे सैल पडतात. एक इंच वाचवायला जावं तर दुसरीकडे काही तरी द्यावं लागतं.

आमच्यात शब्द वृत्तात बसला नाही तर शब्द बदलता येतो. इथे आत बसणाराच बदलता येत नाही.

शेवटी त्याने पातळ ॲल्युमिनियमची, कमी रुंदीची नवी सीट घेतली. जीटी ४०मध्ये दोन्ही बाजूंचे उंबरे रुंद असतात. मूळ गाडीत तिथे पेट्रोलच्या टाक्या होत्या, त्यामुळे बाजारातल्या निम्म्या सीट आत उतरतच नाहीत. मग प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन रसायनं मिसळून फोम ओतला आणि तो फुगत असताना त्यावर बसून राहिला. पाठीचा साचा उठला. फॉर्म्युला वनवाल्यांच्या सीटही अंगाच्या साच्यावरच करतात. सीट पक्की करायला चार ठिकाणी आठ मिलिमीटरचे बोल्ट. जिथे खाली पत्रा आहे तिथे नुसता वॉशर चालत नाही. तीन मिलिमीटर जाडीची, किमान चाळीस चौरस सेंटिमीटरची पोलादी पट्टी खालून लावावी लागते, नाही तर धडकेत बोल्ट पत्रा फाडून वर येतो. हे सगळं त्याने स्वतःच्या हाताने केलं आणि मला एकेक गोष्ट फोनवर समजावून सांगितली. माझी बहीण मध्येच विचारायची, "त्याला म्हणावं, जेवला का?"

एवढं करून पाच सेंटिमीटरऐवजी तीन मिळाले. नियमात घरगुती गाडीच्या तपासणीला कदाचित ती चाललीही असती. ब्रिटनमध्ये १९९८पासून अशी प्रत्येक गाडी रस्त्यावर येण्याआधी सरकारी तपासणीतून जाते, २००९पासून तिचे नियम आणखी कडक झाले, पण तिथे हेल्मेट घालून कुणी मोजत नाही. भाच्याने आठवडाभर विचार केला. मूळ गाडीचं रूप जपावं ही त्याची चार वर्षांची हौस. फुगवटा नको, फुगवट्याने रेषा मोडते, असं तोच पूर्वी मला ऐकवायचा.

गेल्या महिन्यात त्याने चालकाच्या बाजूचं दार नवं मागवलं, बबल असलेलं. आलं तेव्हा पॅकिंग सोडायच्या आधी आम्हाला व्हिडिओ कॉल केला. लाकडी खोक्यात पांढरं, बिनरंगाचं फायबरचं दार, आणि वरच्या कडेला ते टेंगूळ. बहिणीने ते पाहिलं आणि म्हणाली, "हे आधी का नाही घेतलंस?" भाचा हसला. टेप काढून हेल्मेटपासून बबलच्या आतल्या बाजूपर्यंतचं माप घ्यायला तो खाली वाकला.