नगररचनेच्या खेळाची गादी

इ. स. १९८४ च्या सुमारास, हेलिकॉप्टरमधून शत्रूची बेटे उद्ध्वस्त करण्याचा ‘रेड ऑन बंगलिंग बे’ हा खेळ रचीत असता, विल राइट या अमेरिकन रचनाकाराच्या असे ध्यानात आले की, ती बेटे बेचिराख करण्यापेक्षा त्यांवर रस्ते नि कारखाने वसविण्यातच आपले चित्त अधिक रमते. आणि या जाणिवेला जे फॉरेस्टर यांच्या नगरविषयक गणिती सिद्धान्तांची जोड मिळून १९८९ साली ‘सिमसिटी’ अवतरली. ज्याला ठरीव जय नाही असा खेळ घेणार कोण, या शंकेने पहिल्या प्रकाशकाने हात आखडता घेतला होता.

या नगरीत खेळाडूने निवासी, व्यापारी व औद्योगिक पट्टे मुक्रर करावेत, कराचा दर ठरवावा, पोलीस व अग्निशमन खात्यांस रक्कम मंजूर करावी, आणि मग रयतेने आपोआप येऊन वसावे, असा क्रम होता; मात्र ही रयत म्हणजे दप्तरातील आकडे, तिला नाव ना घरदार.

पुढे २०१३ साली त्याच नावाची, म्हणजे सनदशीर वारसाची, नवी आवृत्ती निघाली. पण सतत इंटरनेट जोडलेले असण्याची सक्ती आणि आखूड जमीन यांनी जाणते खेळाडू विटले. तीत माणसे स्वतंत्रपणे हिंडत खरी, परंतु संध्याकाळी जे घर प्रथम रिकामे दिसेल त्यात शिरत! मार्च २०१५ मध्ये ‘सिमसिटी’ काढणाऱ्या मॅक्सिस या कंपनीची एमरीव्हिल येथील कचेरी बंद झाल्याचे जाहीर झाले, आणि आठवडा उलटण्यापूर्वीच फिनलंडमधील टाम्पेरे येथल्या ‘कोलोसल ऑर्डर’ या लहानशा मंडळीने ‘सिटीज: स्कायलाइन्स’ प्रसिद्ध करून, रक्ताचे नाते नसताही दत्तकाने गादी चालवावी, तशी ती चालविली.

या मंडळीचा पूर्वीचा खेळ सार्वजनिक वाहतुकीचा होता. म्हणूनच येथे रस्ता हाच राज्यकर्ता ठरला. प्रत्येक नागरिकास नाव, घर व नोकरी आहे, आणि त्यामुळेच, एकाच वेळी वसविलेल्या वस्तीतील माणसे एकाच वेळी वृद्ध होऊन मरतात नि शववाहिका कोंडीत अडकून पडतात, असा विलक्षण प्रसंग ओढवतो, जो सरासरीच्या राज्यात संभवलाच नसता.

तथापि मूळ खेळातील खजिन्याची टंचाई या वारसात मला आढळत नाही. शहर एकदा स्थिरावले की पैसा आपोआप साचतो. भूकंप, महापूर ही संकटे तर आरंभी नव्हतीच. ती २०१६ साली निराळे मोल देऊन घ्यावी लागली.