बडोद्याचे वस्तुसंग्रहालय : अजबखाना ते अभ्यासशाळा



गुरुजनांच्या स्मरणार्थ चालणाऱ्या व्याख्यानमालेत एका इमारतीचा आणि तीत मांडलेल्या वस्तूंचा विषय निवडावा, हे काहींना थोडे विचित्र वाटेल. परंतु बडोद्याच्या मराठी घरांतून वाढलेल्या कित्येक पिढ्यांची एक शाळा वर्गात भरत असे आणि दुसरी कमाटीबागेत. सुटीच्या दिवशी आजोबांचे बोट धरून जी मुले त्या बागेत गेली, त्यांनी ममी पाहिली, देवमाशाचा सांगाडा पाहिला आणि घरी येऊन ‘अजबखाना पाहिला’ असे सांगितले. त्या अजबखान्याचे वस्तुसंग्रहालय कसे झाले, हा आजचा विषय आहे.

आपल्याकडे ही कथा फार थोडक्यात सांगितली जाते. श्रीमंत सयाजीराव महाराज तिसरे विलायतेस गेले, तेथील संग्रहालये त्यांनी पाहिली, जगभरातून वस्तू आणल्या आणि प्रजेस अर्पण केल्या. यात खोटे काही नाही, पण ही अर्धीच हकीकत आहे. वस्तू आणणे हा संग्रहालयाचा आरंभ होय. त्या वस्तू काय आहेत, कोणत्या काळाच्या आहेत, त्यांच्यावर चिकटवलेले नाव खरे की खोटे, हे विचारणारी माणसे येऊ लागली तेव्हा संग्रहालयाची खरी वाढ सुरू झाली. ती माणसे बडोद्यास कशी आली आणि त्यांनी काय केले, याकडे आपले फारसे लक्ष गेलेले नाही.

संग्रहालयाची स्थापना १८८७ सालची. याच वर्षी महाराजांनी युरोपचा पहिला प्रवास केला. मागची पार्श्वभूमी आपल्यास ठाऊक आहे. नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा गोपाळराव नावाचा बारा वर्षांचा मुलगा १८७५ साली महाराणी जमनाबाईंच्या मांडीवर दत्तक बसला, तेव्हा त्याला अक्षरओळखही नव्हती. १८८१ च्या डिसेंबरात त्याच्या हाती राज्याचा पूर्ण कारभार आला. ज्याला स्वतःला लिहिणे-वाचणे उशिरा मिळाले, त्याने अमरेली भागात १८९३ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला, १९०६ मध्ये तो सर्व राज्यास लागू केला आणि १९१० साली अमेरिकेतून बोर्डन या ग्रंथपालास बोलावून गावोगाव वाचनालये उघडली. संग्रहालय हे याच मालिकेतील आहे. लिहिता-वाचता न येणाऱ्या रयतेने निदान डोळ्यांनी शिकावे, ही त्यामागील कल्पना. म्हणूनच तेथे केवळ कलेच्या वस्तू नव्हत्या. प्राणी, खनिजे, निरनिराळ्या लोकांच्या वापरातील वस्तू, सारे एकाच छपराखाली आले. नमुना लंडनच्या साउथ केन्सिंग्टन भागातील संग्रहालयांचा होता.

इमारत १८९४ मध्ये पुरी झाली. तिच्या संदर्भात मेजर मँट आणि चिझम या दोन वास्तुविशारदांची नावे घेतली जातात. मँट हे कोल्हापूरच्या नव्या राजवाड्याचे आणि आपल्या लक्ष्मीविलास राजवाड्याचे मूळ आराखडे करणारे गृहस्थ; परंतु ते १८८१ सालीच निवर्तले. तेव्हा प्रत्यक्ष बांधकामात चिझम यांचा वाटा मोठा असणार, हे उघड आहे. इमारतीच्या खालच्या भागात पुण्यातील पेशवेकालीन लाकडी वाड्याची घडण विटांच्या कामात उतरवली आहे, असे सांगितले जाते. हे ऐकून आपली छाती थोडी फुगते. पण थोडे मागे सरकून पाहिले तर त्याच इमारतीवर युरोपचे आणि मोगल वास्तूंचेही संस्कार दिसतात. पुणेरी वाड्याला इतका शेजार क्वचितच मिळाला असेल.

चित्रशाळेची कथा निराळी आहे, आणि माझ्या मते अधिक बोलकी आहे. १९०८ साली संग्रहालयास लागून चित्रशाळेचे बांधकाम सुरू झाले. युरोपीय चित्रांची निवड करण्याचे काम महाराजांनी मॅरियन स्पीलमन या इंग्रज कलासमीक्षकाकडे सोपवले. ‘मॅगझिन ऑफ आर्ट’ या नियतकालिकाचे अनेक वर्षे संपादन केलेले हे गृहस्थ होते. दरबारातील एखाद्या खुशमस्कऱ्याच्या सांगण्यावरून दिवाणखान्याची शोभा वाढवणारी चित्रे घ्यावीत, हा मार्ग त्या काळच्या अनेक संस्थानांत रूढ होता. बडोद्याने जाणकारास गाठले. इटली, स्पेन, हॉलंड, इंग्लंड अशा निरनिराळ्या परंपरा विद्यार्थ्यास शेजारी-शेजारी पाहता याव्यात, असा हिशेब त्यामागे होता.

इमारत १९१४ मध्ये तयार झाली आणि त्याच वर्षी महायुद्ध पेटले. चित्रे युरोपातून येणे लांबले. अखेर चित्रशाळा लोकांस खुली झाली ती १९२१ साली. म्हणजे सात वर्षे तो वाडा चित्रांची वाट पाहत उभा होता. फ्रान्सच्या खंदकांत चाललेल्या लढाईचा परिणाम विश्वामित्रीच्या काठी असा रिकाम्या भिंतींच्या रूपाने दिसला, हे एखाद्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात यायला हरकत नाही.

त्या चित्रांखाली जी मोठमोठी नावे लिहिली गेली, त्यांतील काहींविषयी पुढे अभ्यासकांनी फेरविचार केला. अमक्या गुरूचे म्हणून घेतलेले चित्र त्याच्या शिष्याचे किंवा त्याच्या पद्धतीने काम करणाऱ्या कुणाचे असावे, असे ठरणे हे जुन्या युरोपीय चित्रांच्या बाबतीत जगातील सर्वच संग्रहालयांत घडते. आपल्याकडे मात्र असे काही निघाले की ‘फसवणूक झाली’ अशी कुजबुज सुरू होते. मला ती मान्य नाही. शिष्याचे चांगले चित्र हे चांगलेच चित्र असते, आणि गुरू-शिष्य परंपरा म्हणजे काय हे ज्या देशास समजावून सांगावे लागत नाही, त्याने तरी या गोष्टीने खट्टू होऊ नये.

येथे एक भेद लक्षात घेतला पाहिजे. राजवाड्याचा संग्रह वेगळा आणि संग्रहालयाचा वेगळा. राजा रविवर्मा यांना महाराजांनी १८८८ साली पौराणिक विषयांवरील चौदा चित्रे करण्यास सांगितले, ती राजवाड्यासाठी. ती तयार झाल्यावर लोकांस दाखवली गेली तेव्हा मोठी गर्दी लोटली. पुढे ती दरबाराच्या भिंतींवर गेली. राजवाड्याच्या आवारात १९६१ मध्ये महाराजा फत्तेसिंह संग्रहालय उघडल्यानंतर तो खजिना सामान्य माणसास नियमितपणे पाहता येऊ लागला. बाहेरगावचे पाहुणे या दोहोंची नेहमी गल्लत करतात, आणि खरे सांगायचे तर आपल्यापैकीही बरेच जण करतात.

आता त्या माणसांकडे वळू. १९३३ साली जर्मनीत हिटलरची सत्ता आली. बर्लिनमध्ये सर्वसामान्य प्रौढांना कलेचा इतिहास शिकवणारे अर्न्स्ट कोन-विनर हे ज्यू विद्वान देशाबाहेर पडले. मध्य आशियाच्या वास्तुकलेवर आणि ज्यू कलेवर त्यांचे ग्रंथ प्रसिद्ध झालेले होते. १९३४ साली ते बडोद्यास आले आणि संग्रहालयाची सूत्रे त्यांच्या हाती आली. जमवलेल्या वस्तूंना काळ, देश आणि परंपरा यांच्या क्रमात बसवण्याचे काम आता या विद्येत मुरलेल्या माणसाकडे आले. १९३९ साली ते अमेरिकेस गेले आणि १९४१ मध्ये न्यूयॉर्क येथे त्यांचा अंत झाला. त्याच १९३९ च्या फेब्रुवारीत सयाजीराव महाराजही गेले. बर्लिनच्या सायंवर्गातील शिक्षक आणि कवळाण्याचा राजा यांची गाठ पडावी, हा इतिहासाचा मोठा विलक्षण खेळ आहे. दोघांनाही एकच गोष्ट हवी होती : ज्याला शिकण्याची संधी मिळाली नाही त्याला ती मिळावी.

कोन-विनर यांच्या मागून आले हर्मान गोएट्झ. हेही जर्मनच, १८९८ साली कार्ल्सरुह येथे जन्मलेले. हॉलंडमधील लायडन येथे भारतविद्येचा अभ्यास करून ते हिंदुस्थानात आले होते. १९४० च्या सुमारास त्यांनी संग्रहालयाचा भार घेतला आणि १९५३ पर्यंत तो वाहिला. १९४३-४४ पासून त्यांनी संग्रहालयाचे संशोधनपर नियतकालिक काढले. या एका गोष्टीने बडोद्याचे नाव जगातील विद्वानांच्या टेबलावर गेले. एखादी मूर्ती आली की ती काचेमागे ठेवून काम संपत नसे; तिचा फोटो, माप, काळ, शैली, तुलना असे सारे छापून निघे. पुढे दिल्लीत १९५४ साली राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय उघडले, तेव्हा त्याच्या उभारणीसाठी याच गोएट्झ यांची निवड झाली. देशाच्या राजधानीने बडोद्याचा माणूस उचलला, असे आपण म्हणू शकतो. अर्थात कार्ल्सरुहवाल्यांचाही त्यावर हक्क आहेच.

याच काळात राज्य गेले. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि १ मे १९६० पासून ते गुजरातेत आले. ज्या दरबाराने संग्रहालय उभारले तो दरबारच उरला नाही. अनेक ठिकाणी अशा वेळी संस्थानी संग्रह विखुरले. बडोद्याचा सार्वजनिक संग्रह सरकारकडे आला आणि टिकला. त्याला एक कारण असेही आहे, की १९४९ मध्ये महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले, १९५० साली त्यात ललित कला शाखा सुरू झाली, आणि १९५२ मध्ये संग्रहालयशास्त्राचा विभाग आला. इंदूरचे नारायण श्रीधर बेंद्रे चित्रकला शिकवण्यास येथे आले. त्यांच्या विद्यार्थ्यांना थोडे चालून गेले की मोगल लघुचित्र, तिबेटी पट आणि युरोपातील तैलचित्र एकाच दुपारी पाहता येत असे. संग्रहालयास अभ्यासू शेजारी मिळाला, हे त्याचे भाग्य.

आणि मग जमिनीनेच देणगी दिली. विश्वामित्रीच्या पश्चिम काठावरील अकोटा आपणा सर्वांच्या येण्या-जाण्यातले. इ. स. ८१२ च्या एका राष्ट्रकूट ताम्रपटात ‘वटपद्रक’ हे गाव अंकोट्टक चौऱ्याऐंशीत मोडते असे लिहिले आहे. वटपद्रक म्हणजे आपले बडोदे आणि अंकोट्टक म्हणजे अकोटा. म्हणजे त्या काळी अकोटा हे मुख्य ठिकाण होते आणि बडोदे त्याच्या हद्दीतील एक खेडे! या अकोट्यात १९५१ च्या सुमारास योगायोगाने जैन धातुमूर्तींचा मोठा साठा सापडला, अडुसष्ट प्रतिमांचा. त्यांचा अभ्यास केला तो येथील प्राच्यविद्या मंदिरातील डॉ. उमाकांत प्रेमानंद शहा यांनी, आणि १९५९ साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्या मूर्तींपैकी काहींवर लेख आहेत. काहींवर जिनभद्र वाचनाचार्यांचे नाव आहे. लिपीच्या वळणावरून डॉ. शहा यांनी ते लेख सहाव्या शतकाच्या उत्तरार्धातील ठरवले आणि हे जिनभद्र म्हणजे प्रसिद्ध आचार्य जिनभद्रगणी क्षमाश्रमण, असे मत मांडले. तीर्थंकर होण्यापूर्वीच्या महावीरांची, मुकुट आणि अलंकार धारण केलेली ‘जीवंतस्वामी’ प्रतिमाही याच साठ्यातील. पश्चिम भारतातील धातुशिल्पाचा इतिहास या एका साठ्यामुळे पुन्हा लिहावा लागला. उत्तर गुजरातेतील शामळाजी येथील प्राचीन पाषाणमूर्तीही याच संग्रहालयात आहेत, आणि त्यांच्यावरही डॉ. शहा यांनी संग्रहालयाच्या नियतकालिकातूनच लिहिले.

लंडनच्या बाजारातून चित्रे आणण्यासाठी खर्च आणि खटाटोप करावा लागला. अकोट्याच्या मूर्ती नदीपलीकडे शेकडो वर्षे पडून होत्या. पण १८९४ साली त्या सापडल्या असत्या तर? त्यांची गणना ‘जुन्या पितळी मूर्ती’ अशा एका ओळीत झाली असती, अशी मला शंका आहे. १९५१ साली मात्र त्या वाचू शकणारे डोळे या शहरात तयार होते, लिहिण्यास नियतकालिक होते आणि ठेवण्यास जागा होती. ही तयारी व्हायला संग्रहालयास साठ-पासष्ट वर्षे लागली.

आपल्या मराठी समाजात एक खंत वारंवार बोलून दाखवली जाते, की आपल्या महाराजांची संस्था आता आपली राहिली नाही. ती खंत मी समजू शकतो, परंतु इतिहास तिला फारसा आधार देत नाही. मराठी राजाने गुजराती रयतेसाठी, इंग्रज वास्तुविशारद आणि समीक्षक यांच्या मदतीने उभारलेल्या या घरात जर्मन विद्वानांनी शिस्त आणली आणि एका गुजराती संशोधकाने जैन मूर्तींचा अर्थ लावला. ती पहिल्या दिवसापासून एकट्या कुणाची नव्हती.

लहान मुले आजही आधी देवमाशाच्या सांगाड्याकडेच धावतात. १९४४ साली महीच्या मुखाशी वाहून आलेल्या त्या निळ्या देवमाशाची लांबी सुमारे बावीस मीटर आहे, तेव्हा त्यांना दोष देता येणार नाही. पण अकोट्याच्या मूर्तींत एक चामरधारिणी आहे, आठव्या शतकाच्या आसपासची. डौलदारपणे उभी असलेली ही स्त्री आकाराने लहान आहे; घाईत असलेल्या माणसाच्या नजरेतून ती सहज सुटते. पुढच्या वेळी नातवंडांना घेऊन गेलात तर देवमासा पाहून झाल्यावर तिच्यापाशी थोडे थांबा, आणि ती ज्या मातीतून निघाली ती जागा नदीच्या पलीकडे कोणत्या दिशेस आहे, ते त्यांना हाताने दाखवा.