पिप : आणणाऱ्याला कोण आणणार?

१/ १८७० साली जलंब–खामगाव रेल्वे सुरू झाली आणि आजच्या बुलढाणा जिल्ह्यातील खामगावचा कापूस मुंबईच्या लोहमार्गाशी जोडला गेला. बाजार आधीच भरत होता. उणीव वाटेची होती. पायथॉन या संगणकभाषेच्या इतिहासातही असाच पेच उभा राहिला.

२/ २००३ मध्ये पायथॉनच्या पॅकेजांचे मध्यवर्ती भांडार, ‘पायपीआय’, सुरू झाले. पॅकेज म्हणजे इतरांनी लिहून ठेवलेला, पुन्हा वापरता येणारा कोड. २००४ मधील ‘ईझी इन्स्टॉल’ तो आणून बसवी. पण बसवलेले काढण्याची सोय त्यात नव्हती.

३/ २००८ मध्ये इयान बिकिंग यांनी ‘पिप’ रचले. पुढे त्यात पॅकेज काढण्याचीही सोय झाली. मात्र पिप स्वतः वेगळे मिळवावे लागे. नवशिक्याची वाट पहिल्याच पायरीवर अडे.

४/ मार्च २०१४ मध्ये आलेल्या पायथॉन ३.४ ने हा पेच सोडवला. ‘एन्शुअरपिप’ हा भाग पिपची प्रत सोबतच घेऊन येतो. ती बसवायला इंटरनेटही लागत नाही.

५/ पण सोबतची प्रत काळाबरोबर जुनी होते. म्हणून ‘पायथॉन -एम पिप इन्स्टॉल --अपग्रेड पिप’ ही आज्ञा रूढ झाली : पिप स्वतःचीच नवी आवृत्ती आणते. आज्ञेच्या आरंभी पायथॉनचे नाव असल्याने, संगणकावर अनेक पायथॉन असले तरी कोणाचे पिप बदलते आहे हे स्पष्ट राहते.

६/ खामगावची शाखा जेमतेम १३ किलोमीटरांची. पायथॉनमधील उणीवही एवढीच, शेवटच्या टप्प्याची होती. ती भरायला भांडार उघडल्यापासून अकरा वर्षे लागली.