मृगातील तेजोमेघ आणि ताऱ्याचा प्रकाश

थंडीच्या दिवसांत रात्री नऊच्या सुमारास मृग नक्षत्र आकाशात चांगले वर आलेले असते. त्यातील एका रेषेतले तीन तारे, म्हणजे मृगाचा बाण, बहुतेक विद्यार्थ्यांना ओळखता येतो. बाणाच्या दक्षिणेला अंधुक ठिपक्यांची एक लहान रांग आहे. तिच्यातला मधला ठिपका नीट पाहिला तर ताऱ्यासारखा रेखीव नसून पुसट दिसतो. हाच मृगातील तेजोमेघ. तो आपल्यापासून सुमारे १,३५० प्रकाशवर्षे दूर आहे. हा ठिपका म्हणजे नेमके काय, या साध्या प्रश्नाचे उत्तर मिळायला तीनशेहून अधिक वर्षे लागली. ते कसे मिळाले, हे आपण पाहू.

फ्रान्समधील पायरेस्क यांनी १६१० मध्ये दुर्बिणीतून हा मेघ पाहिला. हायगेन्स यांनी १६५९ मध्ये त्याचे चित्र प्रसिद्ध केले. पुढे खगोलशास्त्रज्ञांत दोन मते झाली. काहींच्या मते हा ताऱ्यांचा दाट घोळका होता. दुर्बीण पुरेशी मोठी झाली की तारे सुटे दिसतील. इतरांच्या मते तो खरोखरीच चकाकणारा वायू होता. आयर्लंडमधील लॉर्ड रॉस यांनी ६ फूट व्यासाच्या आरशाची, त्या काळातील सर्वांत मोठी दुर्बीण उभारली आणि १८४६ मध्ये मेघात तारे सुटे दिसू लागल्याचे सांगितले. वाद मिटला असे अनेकांना वाटले.

पण तो चुकीच्या बाजूने मिटला होता. लंडनमध्ये विल्यम हगिन्स यांच्याकडे केवळ ८ इंची दुर्बीण होती. मात्र तिला त्यांनी वर्णपटदर्शक जोडला होता. ऑगस्ट १८६४ मध्ये त्यांनी कालेय तारकासमूहातील एका तेजोमेघाचा प्रकाश लोलकातून पाहिला. ताऱ्यांचा घोळका असता तर सलग रंगपट्टा दिसायला हवा होता. त्यांना दिसल्या मोजक्या तेजस्वी रेषा, म्हणजे विरळ वायूची खूण. लवकरच मृगातील मेघाचा वर्णपटही तसाच निघाला. सर्वांत मोठ्या दुर्बिणीने जे चुकीचे सांगितले, ते एका लहान लोलकाने दुरुस्त केले.

यातून नवा पेच निर्माण झाला. सर्वांत ठळक हिरवी रेषा पृथ्वीवरील कोणत्याही मूलद्रव्याशी जुळेना. तेव्हा ‘नेब्युलियम’ नावाचे नवे मूलद्रव्य कल्पिण्यात आले. ही कल्पना अगदीच वेडी नव्हती, कारण हेलियम आधी सूर्याच्या प्रकाशात सापडला आणि १८९५ मध्ये पृथ्वीवर मिळाला होता. अखेर १९२७ मध्ये अमेरिकेतील बोवेन यांनी दाखवले की ही रेषा दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनची आहे. आपल्याभोवतीच्या दाट हवेत असा अणू प्रकाश सोडण्याआधीच दुसऱ्या अणूवर आदळतो. तेजोमेघात १ घन सेंटिमीटरमध्ये काही हजार अणूच असतात. तिथे त्याला पुरेशी सवड मिळते.

पण इलेक्ट्रॉन काढून कोण घेते? हबल यांनी १९२२ मध्ये दाखवले होते की तेजोमेघांना जवळचे तारे प्रकाशमान करतात, आणि रेषा देणाऱ्या मेघांजवळचे तारे अतिशय तप्त असतात. मृगातील मेघाच्या मध्यावरील प्रमुख ताऱ्याचे पृष्ठतापमान सुमारे ४०,००० अंश आहे. त्याच्या प्रकाशाचा मोठा भाग अतिनील असतो. ९१.२ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा प्रकाशकण हायड्रोजनमधील इलेक्ट्रॉन उडवून लावतो. तो इलेक्ट्रॉन पुन्हा एखाद्या प्रोटॉनला मिळाला की प्रकाश बाहेर पडतो. झान्स्ट्रा यांनी १९२७ मध्ये या दृश्य प्रकाशावरून, डोळ्यांना न दिसणारे अतिनील कण मोजण्याची युक्ती काढली.

हिशेबाची पुढची पायरी डेन्मार्कचे श्ट्रोमग्रेन यांची. अमेरिकेतील यर्क्स वेधशाळेत त्यांनी १९३६ ते १९३८ या काळात काम केले. आपले चंद्रशेखर १९३७ मध्ये तिथेच रुजू झाले. श्ट्रोमग्रेन यांनी मेघनाद साहा यांचे १९२० चे आयनीभवनाचे सूत्र विरळ वायूला लागू पडेल असे बदलून घेतले. १९३९ मध्ये त्यांनी दाखवले की ताऱ्याभोवती आयनीभूत वायूचा गोल तयार होतो आणि त्याची कड बरीच तीक्ष्ण असते. आत जवळजवळ सगळा हायड्रोजन आयनीभूत, बाहेर जवळजवळ सगळा अखंड. ताऱ्याचे अतिनील कण जिथे संपतात, तिथे सीमा पडते.

मात्र ही सीमा स्थिर नसते. आतला वायू सुमारे १०,००० अंश तापमानाचा, तर शेजारचा दाट मेघ उणे २५० अंश सेल्सिअसच्या आसपास. आतला दाब जास्त असल्याने गोल फुगतो. मेघाच्या पृष्ठभागावरचा वायू तापून ताऱ्याच्या दिशेने उसळतो आणि उरलेला मेघ उलट दिशेला ढकलला जातो, दिवाळीतल्या रॉकेटसारखा. ऊर्ट आणि स्पिट्झर यांनी १९५५ मध्ये हे मांडले. म्हणजे तारा मेघाला केवळ उजळत नाही, त्याला झिजवतो आणि ढकलतोही. मृगातील तेजोमेघ हा मोठ्या थंड मेघाच्या आपल्याकडील बाजूला पडलेला खळगा आहे, हे १९७० च्या दशकात स्पष्ट झाले.

जोराच्या पावसानंतर उघड्या उतारावर पाहावे. जिथे खडा असतो तिथे त्याखाली मातीचा लहानसा खांब उरतो. भोवतालची माती वाहून जाते. हबल दुर्बिणीने १९९५ मध्ये गरुड तेजोमेघात टिपलेले वायू व धुळीचे खांब असेच बनले. टोकाशी असलेल्या दाट गाठीने मागच्या भागाला अतिनील प्रकाशापासून सावली दिली. सर्वांत लांब खांब सुमारे ४ प्रकाशवर्षांचा आहे. २०२२ मध्ये वेब दुर्बिणीने अवरक्त प्रकाशात हेच खांब पाहिले, तेव्हा धुळीआड जन्मलेले लालसर तारेही दिसले.

इथे आजचा प्रश्न उभा राहतो. मोठा तारा ज्या मेघातून जन्मतो, त्यालाच उधळून टाकतो आणि पुढच्या ताऱ्यांचा कच्चा माल हिरावतो. पण दाबामुळे काही गाठी अधिक दाट होऊन त्यांतून नवे तारे जन्मू शकतात. यांतले कोणते पारडे जड, हे ठिकाणाठिकाणी वेगळे दिसते आणि त्यावर आम्हा संशोधकांत अजून चर्चा चालू आहे.

हा इतिहास वर्गात सांगताना तारखांपेक्षा रॉस आणि हगिन्स यांची गोष्ट जरूर सांगावी. दोघांनी आकाशाकडेच पाहिले. एकाने विचारले, ‘काय दिसते?’ दुसऱ्याने विचारले, ‘हा प्रकाश कशापासून निघाला?’ उत्तर दुसऱ्या प्रश्नाला मिळाले. मग एखाद्या निरभ्र रात्री मुलांना बाणाखालचा तो पुसट ठिपका दाखवावा.